कर्लिंगमध्ये स्किप टीमला शॉट कसा सांगतो? ब्रूम, हात, खांदा आणि आरडाओरडा, जरा सविस्तर

प्रश्न असा आहे की टीव्हीवर कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत लांबच्या गोलात टाकायचा खेळ, बघताना लांबच्या टोकाला उभा असलेला कॅप्टन, म्हणजे स्किप, कधी पोटाला हात लावतो, कधी खांद्याला, ब्रूमने, म्हणजे बर्फ झाडायच्या ब्रशने, बर्फावर टकटक करतो, मग एक हात आडवा पसरून थांबतो आणि दगड सुटला की घसा फाटेस्तोवर ओरडायला लागतो, तर यातनं दगड टाकणाऱ्याला नक्की काय कळतं, आणि हे सगळं दिसतंय ऐकू येतंय तर समोरच्या टीमलाही कळत नाही का.

मी बरीच वर्षं स्किप म्हणून खेळतेय, त्याआधी लीड आणि सेकंडला, म्हणजे टीममध्ये पहिले आणि दुसरे दगड टाकणारी म्हणून, पण खेळून झालंय, म्हणजे हे इशारे दिलेतही आणि घेतलेतही. थोडक्यात उत्तर हवं असेल तर स्किप चार गोष्टी सांगत असतो: नेम कुठे धरायचा, दगड कुठल्या बाजूला फिरवायचा, जोर किती लावायचा, आणि दगड पोचल्यावर काय घडायला हवंय. हे चार कुठलाही स्किप पहिल्या सीझनमध्ये शिकतो. पण पाचवी एक गोष्ट असते जी बरेच जण सांगतच नाहीत, ती म्हणजे चुकलंच तर कुठल्या बाजूला चुकलेलं चालेल. माझ्या मते खरा फरक तिथे पडतो, त्याच्यावर खाली येतेच.

आधी इशारे लागतातच कशाला ते बघा. फेकणारा ज्या रबरी आधारावर पाय रोवून निघतो त्याला हॅक म्हणतात, तिथून समोरच्या हाऊसच्या मध्यापर्यंत, म्हणजे त्या गोल गोल रिंगांच्या मधल्या बटणापर्यंत, अंतर ३८.४ मीटर आहे. फेकणारा बसलेला असतो, डोळे जमिनीपासून हातभर वर. तिथून हाऊसमध्ये दगड आहेत एवढं दिसतं, पण पुढचा आणि मागचा यांच्यात किती अंतर आहे, पुढच्या दगडाआड मागचा अर्धा झाकलाय की पूर्ण, काही म्हणजे काही कळत नाही, सगळं एका रेषेत चिकटल्यासारखं दिसतं. त्यामुळे शॉट काय आहे हे ठरवणं आणि दाखवणं हे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचंच काम. आणि बाजूच्या तीन-चार शीटवर, म्हणजे खेळाच्या बर्फाच्या पट्ट्यांवर, पण तसाच गोंधळ चालू असतो, म्हणून बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं पडतं.

पहिली गोष्ट ब्रूम. नवीन माणसाला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण त्याला वाटतं स्किपने ब्रूम ठेवलाय तिथे दगड जायला हवा. तिथे तो जाणारच नसतो! दगड फिरत फिरत जातो आणि जाता जाता वळतो, खेळाचं नावच त्यावरून पडलं असं म्हणतात, चांगल्या बर्फावर हाऊसमध्ये थांबणारा दगड मीटर-सव्वा मीटर सहज वळतो, जोरात मारलेला त्यापेक्षा बराच कमी. तर स्किप आधी ठरवतो दगड शेवटी कुठे हवाय, मग मनातल्या मनात वळण मागे मोजतो आणि ब्रूम तेवढा बाजूला ठेवतो. फेकणाऱ्याने फक्त ब्रूमकडे बघून सरळ निघायचं, वळणाची काळजी त्याची नाही. ब्रूम आणि टार्गेट यांच्यातल्या या अंतराला खेळाडू आईस म्हणतात, जास्त आईस दिला, कमी आईस घेतला असं बोलणं चालतं. म्हणजे ब्रूम ठेवणं हा इशारा वाटतो पण खरं तर तो स्किपचा अंदाज आहे, की आज, या वेळी, बर्फाच्या या पट्ट्यावर, एवढ्या जोराचा दगड इतका वळेल.

आणि एकदा ठेवला की ब्रूम हलवायचा नाही. फेकणारा हॅकमधनं निघून घसरत येतो तेव्हा त्याची नजर ब्रूमवर चिकटलेली असते, त्या तीन-चार सेकंदात स्किपने ब्रूम इंचभर जरी सरकवला तरी फेकणाऱ्याचं अंग आपोआप तिकडे झुकतं. काही स्किपना सवय असते, दगड सुटायच्या आधीच मान वळवून शेजारच्या शीटवर काय चाललंय बघायची, किंवा पाय बदलायची. असं करू नका. दगड हातातनं सुटला हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच ब्रूम उचलायचा.

दुसरा तो आडवा हात. तो सांगतो दगड कुठल्या बाजूला फिरवायचा. प्रत्येक दगडाला वर हँडल असतं, सोडताना ते हलकेच फिरवतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरलेला दगड फेकणाऱ्याच्या उजवीकडे वळतो, उलटा फिरवला तर डावीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी काट्याच्या दिशेने म्हणजे इन-टर्न, उलट म्हणजे आऊट-टर्न, डावखुऱ्याला हीच नावं उलटी होतात, म्हणून खरं तर नावांपेक्षा हातच बरा. आमच्या टीममध्ये नियम असा की मी ज्या बाजूला हात पसरते त्या बाजूला फेकणाऱ्याने हँडलचं टोक वळवून सुरुवात करायची आणि सोडताना ते सरळ माझ्याकडे आणायचं. म्हणजे दगड माझ्या हातापासून लांब वळत जातो. पण हे सगळीकडे असंच असतं असं धरून चालू नका, काही जण दगड ज्या बाजूला वळणार त्या बाजूला हात दाखवतात, म्हणून नव्या माणसांबरोबर खेळताना पहिला दगड टाकायच्या आधी विचारून घ्यायचं, हात कशाचा, हँडलचा की वळणाचा. दहा सेकंदांचं काम आहे. न विचारता टाकला तर दगड पूर्ण उलट्या बाजूला जाऊन बसतो आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

तिसरा जोर, त्याला वेट म्हणतात, आणि ते पोट-खांदा प्रकरण हेच. इथे दोन वेगळ्या भाषा आहेत. दगड हाऊसमध्ये किंवा त्याच्या पुढे थांबवायचा असेल तर स्किप सरळ जागाच दाखवतो, ब्रूमने बर्फावर टकटक, इथे थांबव. पुढे गार्ड, म्हणजे मागच्या दगडाला आडोसा देणारा दगड, लावायचा तर हाऊसच्या बाहेर येऊन टकटक. पण समोरच्याचा दगड उडवायचा असेल तेव्हा जागा दाखवून उपयोग नाही कारण दगड तिथे थांबणारच नाहीये, मग जोराचे टप्पे लागतात. सगळ्यात हळू हॅक वेट, म्हणजे काही मध्ये आलं नाही तर दगड पलीकडच्या हॅकपर्यंत पोचेल इतका. त्याच्या वर बोर्ड वेट, म्हणजे मागच्या कडेला जाऊन टेकेल इतका. मग कंट्रोल, मग नॉर्मल, आणि सगळ्यात जोरात पील, ज्यात समोरचा दगड आणि आपला दगड दोन्ही खेळाबाहेर गेले पाहिजेत. हे टप्पे स्किप अंगावर दाखवतो, साधारण खालून वर, पाय किंवा गुडघा म्हणजे हळू, कंबर-पोट म्हणजे मधला, छाती-खांदा म्हणजे जोरात, डोकं म्हणजे पील. कुठल्या टप्प्याला नेमकी कुठली जागा हे प्रत्येक टीमचं थोडं वेगळं असतं, पण वर म्हणजे जास्त हे बहुतेक सगळीकडे सारखं.

थांबणाऱ्या दगडांसाठी आकड्यांची पद्धत पण आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. हाऊसच्या पुढची मोकळी जागा १, २, ३, तिथे गार्ड. मग हाऊसची पुढची कड ४, पुढची आठ फुटी रिंग ५, पुढची चार फुटी ६, बटण ७, आणि पलीकडे तसंच ८, ९, १०. कॅनडाच्या रँडी फर्बीच्या टीमने २००० नंतरच्या दशकात ही पद्धत गाजवली, ब्रायर म्हणजे तिथली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी २००१, २००२, २००३ आणि २००५ ला जिंकली, त्यामुळे बाकीच्यांनी उचलली नसती तरच नवल. आकड्यांचा फायदा दोन्हीकडून होतो. स्किप सहा बोटं दाखवून सांगू शकतो सहा हवाय, आणि दगड निघाल्यावर स्वीपर, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने झाडत जाणारे, ओरडून कळवू शकतात की पाच वाटतोय, लगेच स्किपला कळतं एक रिंग कमी पडतोय, झाडायला लावा. "थोडा हळू आहे वाटतं" असल्या वाक्याला त्या गडबडीत काही अर्थ नसतो, थोडा म्हणजे किती?

आता चौथी आणि पाचवी गोष्ट, त्यासाठी एक शॉट घेऊनच सांगते. समजा एंडचे, म्हणजे सामन्यातल्या एका डावाचे, शेवटचे दगड चाललेत. मधल्या रेषेवर हाऊसच्या पुढे एक गार्ड आहे. समोरच्या टीमचा एक दगड फेकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर बटणाच्या डावीकडे, चार फुटी रिंगच्या कडेवर, आणि गार्डआडनं बराचसा उघडा. आम्हाला तो दगड मारायचाय आणि आमचा दगड उजवीकडे सरकून गार्डच्या मागे लपायला हवाय. याला हिट अँड रोल म्हणतात.

मी आधी त्यांच्या दगडावर ब्रूम टेकवते, टक, म्हणजे हा मारायचा. मग ब्रूम त्या दगडाच्या उजव्या अर्ध्या भागाकडे आणते, दगडाला अगदी चिकटून, कारण नेमका किती भाग लागायला हवा हे फेकणाऱ्याने बघितलं पाहिजे. मग ब्रूम मागे डावीकडे ओढत नेते, त्यांचा दगड इकडनं बाहेर जाईल. मग परत येऊन आमच्या दगडाचा रस्ता बर्फावर काढते आणि गार्डच्या मागे जाऊन दोनदा टकटक, इथे. मग पोटाला हात, कंट्रोल वेट. मग टार्गेटच्या डावीकडे ब्रूम ठेवते, साधारण दोन दगड ठेवता येतील इतक्या अंतरावर, आणि माझा उजवा हात पसरते, फेकणाऱ्याला तो डावीकडे दिसतो, म्हणजे हँडल डावीकडनं सुरू, काट्याच्या दिशेने, दगड डावीकडनं येऊन उजवीकडे वळणार. फेकणारा मान हलवतो किंवा ब्रश उचलतो, कळलं.

एवढं सगळं बरोबर सांगूनही शॉट अर्धाच सांगितला गेलाय. कारण दगड काही ठरवलेल्या मिलिमीटरवर जात नाही, कुणाचाच जात नाही. तर मी हॅककडे बघून हाताने आणखी एक दाखवते, तळहात वर ढकलल्यासारखा, आणि ओरडते की जोर जास्त झाला तरी चालेल, कमी नको. का? जोर जास्त झाला तर दगड कमी वळेल, त्यांच्या दगडाला जवळजवळ मधोमध लागेल, त्यांचा दगड गेला, आमचा तिथेच राहिला, लपला नाही पण गुण आमचाच. जोर कमी पडला तर दगड लवकर वळायला लागेल आणि एक तर त्यांच्या दगडाला नुसता चाटून जाईल किंवा आमचाच दगड गार्डवर आपटेल, त्यांचा जागच्या जागी. एक चूक परवडणारी, दुसरी नाही. हे फेकणाऱ्याला माहीत असलं की त्याचं अंग मोकळं होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्वीपरना माहीत असलं की दगड सुटल्यावर काय करायचं याचा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. शंका आली तर झाडा. झाडल्याने दगड सरळ राहतो आणि लांब जातो, या शॉटमध्ये दोन्ही आपल्या सोयीचं.

उलट एखादा शॉट असा असतो की शंका आली तर सोडून द्या. गार्डला वळसा घालून बटणावर ड्रॉ, म्हणजे हाऊसमध्ये थांबणारा दगड, टाकायचाय आणि मागे समोरच्यांचा दगड बसलाय, अशा वेळी त्या दगडाला ढकलून पुढे नेण्यापेक्षा थोडा अलीकडे राहिलेला परवडतो. तिथे मी बोटांनी सात दाखवते आणि मग सहाच्या बाजूला ब्रूम हलवते, अलीकडे चालेल, पलीकडे नको. माझ्या टीममध्ये कुणी हे विचारल्याशिवाय दगडच टाकत नाही. मी विसरले तर हॅकमधनं ब्रश वर करून थांबतात, कुठली बाजू? आणि मला ते आवडतं.

दगड सुटला की खेळ पूर्ण बदलतो, आता इशाऱ्यांना वेळ नसतो. जवळच्या हॉग लाईनपासून, जिच्या आधी दगड सोडावाच लागतो, पलीकडच्या टी लाईनपर्यंत, म्हणजे बटणावरून जाणाऱ्या आडव्या रेषेपर्यंत, २८ मीटरच्या थोडं वर, चांगल्या बर्फावर हळू दगडाला तेवढं जायला पंचवीसेक सेकंद लागतात. आणि या पंचवीस सेकंदात कुणालाच पूर्ण चित्र दिसत नसतं. स्किपला दगड समोरनं येताना दिसतो, त्यामुळे रेषा बरोबर आहे की नाही हे त्याला झकास कळतं, पण जोर? समोरनं येणाऱ्या वस्तूचा वेग कळत नाही, शेवटच्या काही मीटरमध्ये कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्वीपर दगडाच्या शेजारनं चालतात, त्यांना वेग अचूक कळतो, पण रेषा कळत नाही कारण ते वरून खाली बघतायत. म्हणून वाटणी ठरलेली आहे, वेट स्वीपरचा, लाईन स्किपची. स्वीपर ओरडणार "सहा! सहा!", स्किप ओरडणार "लाईन बरोबर, सोडा" किंवा "वळतोय, हार्ड!". जो ज्याचं काम सोडून दुसऱ्याचं करायला जातो तिथे दगड फुकट जातो, आणि यात स्किपच जास्त पुढे असतात, स्पष्टच सांगते, स्वीपर घसा फोडून सांगतायत की दगड जोरात आहे आणि स्किप आपला हार्ड हार्ड.

स्वीपरचा अंदाज नुसता डोळ्यांवर नसतो, बऱ्याच जणांकडे स्टॉपवॉच असतं. दगड जवळच्या बॅक लाईनपासून, म्हणजे हाऊसच्या मागच्या कडेच्या रेषेपासून, हॉग लाईनपर्यंत किती वेळात गेला ते मोजतात, ड्रॉला साधारण पावणेचार सेकंदांच्या आसपास, बर्फाप्रमाणे पुढेमागे. त्यात एक दशांश सेकंदाचा फरक पडला तरी पलीकडे दगड मीटरपेक्षा जास्त पुढेमागे थांबतो. म्हणून पहिला ओरडा बऱ्याचदा स्वीपरचाच असतो, दगड हातातनं सुटल्या सुटल्या.

ओरडण्याचे शब्द फार नाहीत. हरी (इंग्रजीतलं hurry) आणि हार्ड म्हणजे जीव लावून झाडा. क्लीन म्हणजे ब्रश नुसता दगडापुढे हलका फिरवा, कचरा किंवा केस काही येऊ नये म्हणून. ऑफ, अप किंवा व्होआ म्हणजे थांबा. शब्द कमी म्हणून सगळं काम आवाज करतो, तोच हार्ड तीन प्रकारे ओरडता येतो आणि बरोबरच्या माणसाला तिन्ही वेगळे कळतात. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची स्किप किम उन-जंग आपल्या लीडला, किम याँग-मीला, नावानेच हाक मारायची, "याँग-मी!", कधी लांबवून, कधी तोडून, आणि कशी मारली त्यावर झाडायचं की थांबायचं ते ठरायचं. त्या टीमने रौप्य मिळवलं आणि ती हाक सगळ्या देशाच्या तोंडी झाली. त्याच स्पर्धेत जपानच्या मुली शॉट ठरवताना एकमेकींना "सो दा ने" म्हणायच्या, "हो ना, बरोबर" अशा अर्थाचं, खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असल्याने ते घराघरात ऐकू गेलं आणि त्या वर्षी जपानमध्ये ते वर्षातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य ठरलं. एकीकडे सगळं एका नावात, दुसरीकडे प्रत्येक शॉटवर चर्चा, दोन्ही टीमना पदक.

नावाने हाक मारायला आता आणखी एक कारण आहे. पूर्वी झाडा म्हटलं की दोघं झाडायचे. २०१५-१६ च्या सीझनमध्ये ब्रशच्या कापडावरून मोठा वाद झाला, काही ब्रशनी दगड हवा तिकडे वळवता येतो म्हणून, मग कापडावर नियम आले. पण कुठल्या बाजूने, कुठल्या कोनात झाडलं यावर दगड थोडा जास्त वळवता किंवा सरळ धरता येतो ही समज राहिली, त्यामुळे आता बऱ्याचदा एकानेच झाडायचं असतं. मग नुसतं "झाडा" ओरडून भागत नाही, कोण ते सांगावं लागतं.

रेडिओ का नाही वापरत असं कुणीतरी विचारेलच. वापरून झालंय! १९८९ च्या ब्रायरमध्ये रस हॉवर्ड या स्किपचा घसा ओरडून पार बसला तेव्हा त्याने टीमशी बोलायला रेडिओ हेडसेट लावले होते, आयोजकांनी ते बंद करायला लावले. आता नियमातच खेळाडूंनी इलेक्ट्रॉनिक साधनाने एकमेकांशी बोलायला मनाई आहे. घसा सांभाळा, दुसरं काय.

आता एक भाग जो टीव्हीवर दिसतच नाही कारण कॅमेरा तोवर रिप्ले दाखवायला गेलेला असतो. दगड थांबल्यावर जे बोलणं होतं ते. मी विचारते, ब्रूमवर होता का? फेकणारा सांगतो, नाही, दोन इंच बाहेर सुटला, किंवा हातातनं जरा ढकलला गेला. हे खरं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण माझा पुढचा ब्रूम यावर ठरतो. दगड कमी वळला असं मला दिसलं आणि फेकणारा गप्प बसला तर मी समजणार की इथे बर्फ सरळ आहे, पुढच्या दगडाला मी आईस कमी देणार, तो माणूस यावेळी बरोबर ब्रूमवर टाकणार आणि दगड गार्डवर आपटणार. दोष कुणाचा? फेकणारा म्हणेल ब्रूम चुकीचा होता, मी म्हणेन बर्फ बदलला, आणि खरं कारण दोन दगडांपूर्वीचं. म्हणून लीड निवडताना मी नेम जितका बघते तितकंच हे बघते की बाहेर सुटला तर लगेच सांगतो का. आणि स्किपनेही सांगणाऱ्यावर तोंड वाकडं करायचं नाही, दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही.

तोंडाचं आलंच तर, हॅकमधनं उठताना प्रत्येक जण स्किपच्या चेहऱ्याकडे बघतो. दगड अर्ध्या वाटेत असताना कंबरेवर हात ठेवून मान हलवणारे स्किप मी पाहिलेत, स्वीपर अजून घाम गाळतायत आणि हा पलीकडे हरून बसला. तो पण इशाराच आहे, फक्त नको तो.

वेळेचं पण गणित बघा. मोठ्या स्पर्धांमध्ये १० एंडच्या सामन्यात टीमला विचार करायला ३८ मिनिटं मिळतात, आपले दगड एकूण ८०, म्हणजे दगडामागे अर्ध्या मिनिटापेक्षा कमीच. वर तो हिट अँड रोल समजावायला मी एवढे परिच्छेद घेतले, बर्फावर तो पंधरा-वीस सेकंदात उरकतो. साधे शॉट तर दोन टकटकींत, म्हणजे अवघड शॉटला वेळ उरतो.

स्किपची स्वतःची पाळी आली की ब्रूम थर्ड, म्हणजे व्हाइस, धरतो. तेव्हा सगळं उलटं होतं, शॉट स्किपच्या डोक्यात असतो आणि बघणारा दुसरा. मी हॅककडे जायच्या आधी व्हाइसबरोबर दगडांभोवती एक चक्कर मारते, दोघांच्या तोंडून तोच शॉट निघाला की मगच जाते, कारण तिकडनं ओरडून चर्चा करणं म्हणजे सगळ्यांचा वेळ खाणं. काही टीम हा प्रश्नच ठेवत नाहीत, ब्रूम धरणारा शेवटी टाकतच नाही. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये कॅनडाने सुवर्ण जिंकलं तेव्हा शेवटचे दगड ब्रॅड गुशूचे होते पण पलीकडे ब्रूम धरून शॉट सांगत होता तोच घसा बसलेला रस हॉवर्ड, वय ५०, स्वतःचे दगड तो सेकंड म्हणून टाकायचा. फर्बी पण स्किप असून तिसऱ्या नंबरवर टाकायचा, शेवटचे दगड डेव्हिड नेडोहिनचे. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिन्झोनीनेही तसंच केलं, शेवटचे दगड अलिना पेट्झकडे. सांगणं आणि टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत हे यातनं दिसतं.

व्हीलचेअर कर्लिंग, २००६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, त्यात झाडणं नसतंच. दगड सुटला की संपलं, आरडाओरडीने काही होणार नाही, त्यामुळे जे सांगायचं ते सगळं आधी. कुणाला स्किपिंग शिकायचं असेल तर ते सामने जरूर बघा, तिथे ब्रूम ठेवण्यात किती बारकाई असते ते कळेल. आणि कर्णबधिर खेळाडूंच्या हिवाळी डेफलिंपिक्समध्ये पण कर्लिंग आहे, तिथे झाडण्याचे निरोप पण नजरेने आणि हाताने द्यावे लागतात, म्हणजे स्वीपरला झाडता झाडता मान वर ठेवावी लागते, करून बघा म्हणजे कळेल किती अवघड आहे ते.

राहिला प्रश्न समोरच्या टीमला कळतं त्याचा. कळतं की! त्यांचा स्किप आणि व्हाइस माझ्या मागेच बॅक लाईनपलीकडे उभे असतात, मी पोटाला हात लावला की खांद्याला हे त्यांना माझ्याइतकंच माहीत असतं. पण कळून करणार काय, दगड फिरत असताना त्यांना त्याला हात लावता येत नाही, फार तर टी लाईन ओलांडल्यावर त्यांचा एक जण आमचा दगड झाडून आणखी मागे न्यायचा प्रयत्न करू शकतो, आणि तो हक्क त्यांना इशारे कळोत न कळोत असतोच. म्हणून गुप्त खुणा वगैरे कुणी ठेवत नाही, आपल्याच लीडला न कळलेली खूण ही समोरच्याला कळलेल्या खुणेपेक्षा कितीतरी महाग पडते. लपवायचं असतं ते फक्त पुढच्या दोन दगडांचं, की आत्ता हे मारून आपण नंतर काय करणार आहोत, आणि ते आम्ही शीटच्या मध्यावर येऊन हळू आवाजात बोलून घेतो, तेही मायक्रोफोन लावलेला नसेल तरच.